भिंतीवरची दुरडी

कुसुमबाईनं दुरडी भिंतीवर ठेवली आणि हाक मारली, "अक्का, घ्या वं एवढं. गरम हाय तवर खाऊन घ्या."

बायनाबाई गोठ्यात शेण भरत होती. शेणाचे हात तसेच वर धरून ती गव्हाणीपाशी आली आणि मान वर करून बघायला लागली. दोन घरांमधली ती भिंत पुरुषभर उंचीची, दगडामातीची, पावसाळ्यागणिक थोडी थोडी झिजलेली. तिच्यावर पांढऱ्या फडक्यानं झाकलेली दुरडी होती. फडकं उचलायची गरजच नव्हती. लसणाचा आणि डाळीच्या पिठाचा वास भिंतीवरून खाली उतरला होता. पिठलं-भाकरी.

बायनाबाईच्या अंगावर काटाच आला.

आता पिठलं-भाकरी काय, घरोघर रोजच होते. पण शेजारच्या चुलीवरची पिठलं-भाकरी झाकल्या दुरडीतून आपल्या दारात येते ती एकाच वेळेला. घरातलं माणूस जातं, चूल पेटत नाही, भावकीला सुतक असतं, तेव्हा शेजाऱ्यांनी करून आणायची. आणि ह्या आळीत पहिली दुरडी कायम बायनाबाईचीच. मयत उचलायच्या आधी हिच्या चुलीवर पिठलं रटरटायला लागलेलं असायचं. यमाच्या आधी बायनाबाईला खबर लागते, अशी थट्टाही लोक करायचे आणि तिला ती आवडायची. लोकांच्या घरी तिनं इतक्या दुरड्या नेल्या. पण तशीच दुरडी एक दिवस आपल्याकडे येईल, आणि तीही घरातली सगळी माणसं धडधाकट चालतीबोलती असताना, हे तिच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

"कोण मेलंय गं आमच्या घरी?" ती खालूनच कडाडली.

"ओ माय, आसं काय बोलता अक्का? गिरणीवाल्यानं तुमचा दळणाचा डब्बा वापस केला म्हणं. मला वाटलं..."

"आमच्या घरात जातं हाय. आन् आमचे हात बी शाबूत हायेत."

एवढं बोलून तिनं कोपऱ्यातली काठी घेतली, गव्हाणीच्या कडेवर पाय दिला आणि काठीच्या टोकानं दुरडी पलीकडे ढकलली. पलीकडून कुसुमबाईचा "अगं अगं" असा आवाज आला. दुरडी तिनं धरली असावी, पण भाकरी मातीत पडल्याचा आवाज झालाच. मग एक दार लागलं.

कुसुमबाईचं घर म्हणजे परकं नव्हे. भावकी वेगळी, पण दोन्ही घरांची कामं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या हातानं चाललेली. यांनी त्यांच्या रानात राबायचं, त्यांनी यांच्या. ह्याही साली कुसुमबाईची ज्वारी बायनाबाई आणि तिचा नवरा लिंबाजीनं हातोहात काढून दिली होती. आता पाळी यांच्या रानाची होती. ज्वारी कापून रानात आडवी पडली होती, नुसती कणसं मोडून ढीग घालायचा बाकी होता, आणि नेमकं तेव्हाच पुण्याहून त्यांचा पोरगा भागवत आला.

कोरोना आला, भागवतची कंपनी बंद झाली, एसटी बंद झाली. तुरीच्या ट्रकमधून तो आणि बायको राजेश्री पूर्णेपर्यंत आली आणि तिथून रानारानानं पायी. पोराचे पाय सुजले होते, सुनेच्या चपला हातात होत्या. बायनाबाईनं दोघांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि घरात घेतलं. दोघं अजून जेवतच होती तेवढ्यात पोलीस पाटील महारुद्र अंगणाबाहेर उभा राहिला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. "काका, घरातल्या समद्यांनीच आता चौदा दिवस भाईर पडायचं न्हाई. वरून हुकूम हाय." दाराला कागद चिकटला. दारासमोर बाभळीच्या फांद्या आल्या, काट्याचं तोंड घराकडं करून. लिंबाजी त्या फांद्यांकडं बघत म्हणाला होता, "जनावराला आडवायचं आसलं तरी काटं भाईरच्या बाजूला करतेत."

दुरडी ढकलली त्या दुपारी बायनाबाईनं माळ्यावरून जातं उतरवलं. लग्नात आणलेलं, पण गावात गिरणी आल्यापासून धूळ खात पडलेलं. राजेश्रीनं एक बाजू धरली. दोघी समोरासमोर बसून दळायला लागल्या. सुनेच्या तळहाताला फोड आला. बायनाबाईचा खांदा असा दुखायला लागला की प्रत्येक फेऱ्याला तोंडातून आवाज निघायचा. पीठ निघालं ते भरड, ओंजळभर. राजेश्री हळूच म्हणाली, "आई, कुसुमकाकूंनी चांगल्या मनानं आणलं होतं." बायनाबाईनं जात्यात आणखी एक मूठ टाकली. तिलाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचा राग उतरत नव्हता.

लिंबाजीचं दुःख वेगळंच. जन्मभर रानात वावरलेला माणूस. सकाळी उठून माळवदावर चढायचा आणि गावाबाहेरच्या ओढ्याकाठी आपली ज्वारी पडलेली आहे तिकडं डोळ्यांवर हात धरून बघत बसायचा. तिथून रान दिसायचं, पण पाखरांचा थवा कणसांवर उतरला तर टाळी वाजवून उठवता यायचा नाही. खाली आला की पोरावर राग काढायचा. "तुला यायचंच व्हतं तर ज्वारी काढून झाल्यावर यायचं." भागवत खाली मान घालून म्हशीला पेंढी टाकायचा. दूध डेअरीनं घेणं बंद केलं होतं. सगळं विरजायचं, घुसळायचं आणि ताक म्हशीलाच परत पाजायचं, असं चाललेलं. आळीतली बायामाणसं रोज सकाळी ताकाला भांडं घेऊन यायची, ती आता ह्या घरावरून जाताना पदर नाकाला लावत होती.

मग आभाळ भरून आलं. पालमच्या बाजूनं काळं, आणि वारा असा गार की दूर कुठं तरी गारा पडल्या असणार. भिजली तर कणसं काळी पडतात, मोड येतात. अशा ज्वारीची भाकरी कडू लागते आणि जनावरंसुद्धा कडब्याला तोंड लावत नाहीत. वर्षाची भाकरी होती ती.

लिंबाजीनं कुणाला न विचारता धोतर खोचलं, मागच्या न्हाणीच्या भिंतीवरून उडी मारली आणि शेताकडं निघाला. वेशीपाशी पोरं काठ्या घेऊन बसलेली. त्यातल्या निम्म्यांचं जावळ ह्याच्या डोळ्यांदेखत निघालेलं. ती पोरं उठून मागं सरकली आणि काठ्या लांब करून ओरडायला लागली, "वापस फिरा, काका! वापस! जवळ येऊ नका!" लिंबाजी थांबला. म्हणाला, "लेकरंहो, मला ताप न्हाई, खोकला न्हाई. तेवढी कणसं..." तोवर महारुद्र धावत आला. त्यानंही हात जोडले, पण लांबूनच. "काका, माझी नोकरी जाईल. तुमी घरात जा." आणि मग त्या पोरांनी मोकाट बैलाला वळवतात तसं दोन्ही बाजूंनी काठ्या धरून म्हाताऱ्याला त्याच्या दारापर्यंत आणून सोडलं. कुणी अंगाला हात लावला नाही, पण लावला असता तर बरं वाटलं असतं, असं त्याचं तोंड झालं होतं.

लिंबाजी आत आला आणि भिंतीला तोंड करून पडला. बायनाबाईनं त्याला भाकरी वाढली ती तशीच राहिली.

संध्याकाळच्या उजेडात ती गव्हाणीवर चढली. भिंतीवरून डोकं वर काढलं. पलीकडं कुसुमबाई अंगण झाडत होती. भिंतीच्या सावलीला बाजेवर तिची सासू धुरपताबाई पडलेली, कधीची अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी.

"कुसुम," बायनाबाई म्हणाली. "आभाळ आलंय गं."

कुसुमबाई झाडत राहिली.

"आमची कणसं रानात पडून हायेत."

खराटा थांबला. कुसुमबाईनं वर न बघताच म्हटलं, "दिसायलंय मला." आणि पुन्हा झाडायला लागली. बायनाबाईला वाटलं, आता त्या पडलेल्या भाकरीबद्दल काही बोलावं. माफी मागायला तोंड उघडलंही, पण आयुष्यात कधी न केलेली गोष्ट अशी एकाएकी जमत नाही. ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर भागवतनं माळवदावरून हाक मारली, "आई, ये वर. ये लवकर!"

बायनाबाई शिडी चढून गेली. ओढ्याकाठच्या त्यांच्या रानात माणसं होती. लांबून ठिपकेच, पण चालीवरून माणूस ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता. तो वाकलेला कुसुमबाईचा नवरा बजरंग. ती हिरव्या लुगड्यातली कुसुमबाई. आणखी आळीतली चार-दोन माणसं, एकमेकांपासून अंतर ठेवून, कणसं मोडत होती. एका बाजूला ढीग वाढत होता, त्यावर टाकायला ताडपत्री आणून ठेवलेली.

लिंबाजीसुद्धा वर आला आणि मटकन बसला. बायनाबाईला आनंद झाला, खरंच झाला. पण त्या आनंदाला लागूनच एक शरम होती. आपल्या रानात लोक राबतात आणि आपण माळवदावर बसून बघतो. ज्याच्या रानात काम त्यानं दुपारची भाकरी न्यायची, कालवण न्यायचं, वर मडक्यातलं गार पाणी. तिच्या हातची भाकरी आज त्या रानात कुणी खाल्ली नसती. ती माणसं आपापल्या फडक्यात भाकरी बांधून आली असतील, आणि बाभळीखाली वेगवेगळी बसून खातील. हे तिला बघवेना. ती खाली उतरली आणि म्हशीच्या गोठ्यात जाऊन उगीच दावी गुंडाळत बसली.

तिथंच तिला तो आवाज आला.

"पाणी... कुसुम, पाणी दे गं."

बायनाबाई गव्हाणीवर चढली. पलीकडं अंगणात कुणी नव्हतं. धुरपताबाईच्या उशाशी ठेवलेला तांब्या तिच्याच हाताचा धक्का लागून कलंडलेला, पाणी मातीत जिरून नुसता ओला डाग उरलेला. सावली सरकून बाज निम्मी उन्हात आलेली. म्हातारीची जीभ ओठांवरून फिरत होती.

"कुणी हाय का गं तिकडं?" बायनाबाईनं आळीकडं तोंड करून हाका मारल्या. "कुणी तरी या, काकीला पाणी द्या!" आळीतलं एक दार उघडलं, तिचा आवाज ओळखला आणि पुन्हा लागलं. कुसुमबाईच्या घरचं जे कुणी होतं ते बायनाबाईच्याच रानात तिचीच कणसं मोडत होतं.

वरून भागवत ओरडला, "आई, पलीकडं उतरू नको! गुन्हा दाखल व्हईल!"

"उतरत न्हाई," ती म्हणाली.

तिनं चरवी राखेनं घासली, मडक्यातलं गार पाणी भरलं, गळ्याला दावं बांधलं आणि विहिरीत पोहरा सोडतात तशी ती भिंतीवरून हळूहळू पलीकडं सोडली. चरवी भिंतीला घासत, पाणी हिंदकळत खाली गेली आणि उशापाशी टेकली. "काकी, डाव्या अंगाला हात करा. आजून थोडं. हां."

सुरकुतलेला हात चाचपडत चरवीला लागला. म्हातारीनं कसंबसं कुशीवर होत ती तोंडाला लावली. निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, पण निम्मं पोटात गेलं. घटाघटा आवाज येत होता आणि त्या आवाजानं बायनाबाईचाच जीव शांत होत होता.

"कोण? बायना का गं?"

"व्हय, काकी."

"आन् दोरानं पाजायलीस? म्या बाटले का गं?"

बायनाबाईचे डोळे भरले. "न्हाई काकी," ती म्हणाली. "आमी बाटलाव."

म्हातारी हसल्यासारखी झाली. "आता बरं वाटायलंय," म्हणाली आणि डोळे मिटून पडली. बायनाबाईनं चरवी वर ओढून घेतली. काठीनं बाजेवरच्या वाकळेचं टोक ओढून म्हातारीच्या तोंडावर ऊन येणार नाही असं करून ठेवलं. मग बराच वेळ ती तिथंच उभी होती, म्हातारीच्या छातीचं वरखाली होणं बघत.

दिवस कलायला लागला तसा वारा सुटला. माणसं रानातून धावत परत आली. आणि पहिले थेंब पडायच्या आत भिंतीपलीकडून कुसुमबाईचा हंबरडा ऐकू आला.

बायनाबाईचे पाय आपोआप दाराकडं गेले. बाभळीच्या काट्यात पदर अडकला तेव्हा ती थांबली. मागून लिंबाजी म्हणाला, "कुठं चाललीस?" ती काट्यातला पदर सोडवत उभी राहिली आणि तो फाटेपर्यंत तिला भान आलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेजारी मयत झालं होतं आणि बायनाबाई घरात होती.

पाऊस पडून गेल्यावर मोजक्या माणसांनी, तोंडाला रुमाल बांधून, धुरपताबाईला नेलं. आळीतलं एकही दार उघडलं नाही. कोरोनानंच गेली म्हातारी, भिंत पुण्यावाल्याच्या घराला लागून आहे ना, अशी कुजबुज सगळ्या आळीत फिरली होती आणि महारुद्रानं दूरवरूनच बजरंगला, दोन-चार दिवस बाहेर फिरू नका, असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, ऊन वर आलं, तरी त्या घरी एकही दुरडी गेली नाही. चूल पेटायची नव्हती. पलीकडून फक्त कुसुमबाईचं रडणं येत होतं.

"तहानलेली गेली गं माझी सासू! तांब्या पालथा पडला व्हता, घोटभर पाणी मिळालं न्हाई तिला! दुसऱ्याच्या रानात राबायला गेले गं म्या, आन् घरचं माणूस पाण्यावाचून गेलं!"

प्रत्येक शब्द भिंतीतून आरपार येत होता. बायनाबाई जात्यापाशी बसली होती. तिनं खुंटा धरला.

"काय करायलीस?" लिंबाजीनं विचारलं.

"दळायलेय."

त्याला सगळं कळलं. तो जवळ येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाकरी कर, देऊ आपण. पण पाण्याचं बोलू नको. तुझ्या चरवीचं पाणी पेली आन् गेली म्हणल्यावर काय म्हणतील ठाऊक हाय का? भागवतला घेऊन जातील. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

भागवत दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. राजेश्री समोर येऊन बसली, फोड आलेला हात तिनं खुंट्यावर सासूच्या हाताशेजारी ठेवला. जातं फिरायला लागलं.

बायनाबाई भाकरी थापायला बसली. तिला भीती वाटत होती. बोललं तर आपलं घर बुडतं. नाही बोललं तर पलीकडची ती बाई जन्मभर स्वतःला खात बसेल, आणि तीही आपली कणसं वाचवली म्हणून. पिठलं शिजलं. तिनं भाकरी फडक्यात घातल्या, दुरडी झाकली, गव्हाणीवर चढली आणि ती भिंतीवर ठेवली.

कुसुमबाई अंगणात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. रिकामी बाज भिंतीला उभी केलेली.

"कुसुम," बायनाबाई म्हणाली. "काकी तहानलेल्या गेल्या न्हाईत. म्या पाजलं त्यांना पाणी. भिंतीवरून दाव्यानं चरवी सोडली. पोटभर पेल्या, माझ्याशी बोलल्या. बरं वाटायलंय म्हणल्या." तिला दम लागला. "आता तुला पाटलाला सांगायचं आसलं तर सांग. मला शिव्या घालायच्या तर घाल. पण तहानलेली गेली म्हणून रडू नको."

कुसुमबाईचं रडणं थांबलं, पण डोकं वर झालं नाही. बजरंग घरातून बाहेर आला. त्यानं भिंतीकडं बघितलं, दुरडीकडं बघितलं आणि पुन्हा आत गेला. बायनाबाई वाट बघत उभी होती. शेवटी ती उतरली. ती म्हशीशेजारी जाऊन बसली. काठीनं ढकललेली ती कुसुमबाईची दुरडी, मातीत पडलेल्या त्या भाकरी तिला दिसत होत्या. आता आपलीही तशीच पडेल, आणि ते बरोबरच होईल, असं तिला वाटत होतं.

दिवस मावळला तरी दुरडी भिंतीवर होती. सकाळी बघितलं तर नव्हती.

कुत्र्यानं ओढली असेल, मांजरानं पाडली असेल. बायनाबाईनं गव्हाणीवर चढून बघायचं धाडस केलं नाही. बाहेर कुणाचे पाय वाजले की पाटीलच आला असं वाटून ती उठून उभी राहायची. लिंबाजी दाराकडं तोंड करून बसला होता. भागवतनं आपली पिशवी भरून ठेवली होती, नेलं तर न्यावं म्हणून. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. घर इतकं गप्प होतं की म्हशीचं रवंथ ऐकू यायचं.

दुपार कलली तेव्हा भिंतीवर खरखर झाली. बायनाबाई गोठ्यातून धावत आली. भिंतीवर रिकामी दुरडी होती, वर फडकं घडी करून ठेवलेलं, आणि दुरडीच्या कडेला कुसुमबाईची बोटं अजून तशीच होती.

"अक्का," पलीकडून रडून बसलेला आवाज आला. "पिठल्यात मीठ लय पडलं व्हतं."

बायनाबाईनं तोंडात पदर कोंबला. मग तिनं हात वर करून दुरडी धरली.

"उद्या कमी टाकते," ती म्हणाली.